सेल्फ मारते, पण पेट घेत नाही : आमच्या डिझेल गाडीचे आठ दिवस

६ जानेवारी २०२५, सोमवार, सकाळचे पावणेसात. आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन तीन आठवडे झाले होते आणि मिरजेच्या हॉस्पिटलात तपासणीसाठी साडेसातची वेळ मिळाली होती. पुढची सीट पूर्ण मागे सरकवून, पायाखाली उशी देऊन तिला बसवलं. किल्ली फिरवली. इंजिन खर्र खर्र फिरलं, पण चालू झालं नाही. पुन्हा फिरवली, तेच. सातव्या-आठव्या वेळेला सेल्फचा आवाज जड झाला, तेव्हा मी थांबले. आईला तसंच उतरवलं आणि सांगलीतल्या आमच्या विश्रामबागच्या चौकातून रिक्षा आणली. वाकवता न येणारा पाय घेऊन तिला रिक्षात चढवताना तिच्या तोंडून निघालेला आवाज मी अजून विसरलेले नाही. पुढे आठ दिवस मी जो पाठपुरावा केला, तो त्या आवाजामुळे.

मी प्राथमिक शाळेत शिकवते, शाळा तासगावच्या बाजूला आहे. नवरा पुण्यात नोकरीला, शनिवार-रविवार येतो. आई आणि आप्पा माझ्याकडेच असतात. गाडी २०१४ ची, चार सिलिंडरची डिझेल, १ लाख ३८ हजार किलोमीटर झालेली. चालवता उत्तम येते, पण बॉनेटखाली मी आजवर फक्त पाणी आणि ऑईल बघत आले होते. असाच कुणी एका सकाळी अडकला असेल तर त्याला थोडा उजेड पडावा, म्हणून हे सगळं तारीखवार लिहून ठेवते आहे.

एक गोष्ट आधीच कबूल करते. गाडी डिसेंबरपासून सांगत होती. आधी किल्ली फिरवली की लगेच चालू व्हायची, ती तीन-चार सेकंद घ्यायला लागली. शाळेतून येताना तासगावात भाजी घ्यायला दहा मिनिटं थांबले, की गरम इंजिन सकाळपेक्षाही जास्त वेळ घ्यायचं. मी म्हणायचे, थंडी आहे. गरम इंजिनाला थंडीचं कारण लागू पडत नाही, हे तेव्हा ध्यानातच आलं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी गाडीभोवती शेजारी जमले. एकजण म्हणाला, उतारावर नेऊन धक्का देऊ. दुसऱ्याने पेट्रोलमध्ये फडकं बुडवून हवेच्या पाइपापाशी धरायला सांगितलं, ‘पहिल्या झटक्यात चालू होते’. दोघांनाही आप्पांनी थांबवलं. आप्पांनी आयुष्यभर विहिरीवर पाच हॉर्सपॉवरचं ऑईल इंजिन चालवलं. आमच्या जिल्ह्यातल्या त्या पिढीच्या कितीतरी शेतकऱ्यांसारखं त्यांना डिझेल इंजिन हाताला कळतं. ते म्हणाले, “डिझेलला ठिणगी लागत नाही. हवा दाबली की तापते, त्या तापल्या हवेत डिझेलची फवार पडली की पेटतंय. म्हणजे बघायचं तीनच : हवा येती का, दाब हुतोय का, डिझेल पडतंय का. पेट्रोल कशाला घालायचं त्यात?” पुढे ज्यांनी गाडी दुरुस्त केली त्या मेस्त्रींनीही तेच सांगितलं. पेट्रोल किंवा ईथरचा फवारा भलत्या वेळी पेट घेतो, पिस्टनला इजा करतो, आणि हीटर प्लग (थंड इंजिन चालू व्हावं म्हणून सिलिंडर आतून तापवणारे) तापलेले असतील तर भडकाही उडू शकतो. धक्का मारण्यात टायमिंग बेल्ट दात सोडण्याचा धोका असतो. तसं झालं तर हजारांचं काम लाखाच्या घरात जातं.

आप्पांनी मला सेल्फ मारायला सांगितलं आणि स्वतः काठी टेकत सायलेन्सरपाशी जाऊन उभे राहिले. “धूर न्हाई,” ते म्हणाले. याचा अर्थ मला नंतर नीट कळला. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून पांढरट धूर येत असेल, तर डिझेल आत जातंय पण पेटत नाही. धूर अजिबात नसेल, तर बहुतेक वेळा डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. काही खर्च न करता, घरच्या घरी आमची निम्मी चौकशी तिथे झाली होती. मला मात्र ती पटायला तीन दिवस लागले.

आणखी काही गोष्टी घरी बघता येतात. काटा पाव टाकीच्या वर आहे का. किल्लीचं चित्र असलेला दिवा लुकलुकत राहतो का. तसं असेल तर गाडी किल्ली ओळखत नाही आणि डिझेल सोडत नाही, अशा वेळी कपाटातली दुसरी किल्ली लावून बघायची. किल्ली ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद गुणगुण ऐकू येते का (आमच्या गाडीत टाकीत विजेचा पंप आहे, सगळ्या गाड्यांत नसतो). सेल्फ मारताना आरपीएमचा काटा थोडा तरी हलतो का. बऱ्याच गाड्यांत क्रँक सेन्सर (इंजिन किती वेगाने फिरतंय ते कंप्युटरला कळवणारा) गेला असेल तर काटा शून्यावर गप्प बसतो. आमचं हे सगळं ठीक होतं. आणि एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये, मध्ये अर्धा-एक मिनिट थांबावं. मी सकाळी ते पाळलं नव्हतं.

७ तारखेला, मंगळवारी, दुपारी जवळच्याच एका गॅरेजमधला मुलगा घरी आला. त्याने बॅटरी कमजोर आहे म्हणून सांगितलं आणि आपल्याजवळची दुसरी बॅटरी केबलने जोडली. इंजिन जोरात फिरलं, पण चालू झालं नाही. मग तो म्हणाला, डिझेल फिल्टर चोक आहे. नवा फिल्टर ८५० रुपये, मजुरी ३००. फिल्टर बसवला, हवा निघावी म्हणून किल्ली चार-पाच वेळा ऑन-ऑफ केली, दुसरी बॅटरी जोडलेलीच होती. सेल्फ मारला आणि गाडी चालू झाली! आई खिडकीतून हात जोडत होती. मी त्याला पन्नास रुपये वर दिले, गाडीची एक फेरी मारून आले आणि त्या रात्री शांत झोपले.

बुधवारी सकाळी साडेसहाला पुन्हा तेच.

त्या क्षणी जे वाटलं ते नीट सांगता येणार नाही. बिघाडापेक्षा त्याचं कारण न कळणं जास्त छळतं. शाळेत फोन करून किरकोळ रजा सांगितली (जानेवारीतली ती पहिली, पुढे आणखी तीन गेल्या) आणि फोन घेऊन बसले. आधी एका मोठ्या वर्कशॉपला फोन केला. तिथल्या माणसाने लक्षणं ऐकली आणि गाडी न बघताच सांगितलं, “मॅडम, चारही इंजेक्टर आणि हाय प्रेशर पंप, ब्याण्णव हजारांपर्यंत धरून चला. गाडी शनिवारी आणा.” मी विचारलं, कोणता इंजेक्टर खराब आहे ते आधी तपासणार का? म्हणाले, एकेक तपासत बसण्यापेक्षा सेटच बदलतो. माझा पगार बरा आहे, पण आईच्या शस्त्रक्रियेनंतर ब्याण्णव हजार हा आकडा ऐकून हातपाय गार पडले. विम्याच्या कंपनीला विचारलं, तर उत्तर अपेक्षेप्रमाणेच आलं : नेहमीच्या वाहन विम्यात अपघात, चोरी, पूर वगैरे येतं, यंत्राचा आपोआप झालेला बिघाड येत नाही.

पण पॉलिसी उघडून बघितली हे बरं झालं. कारण हप्त्यात आम्ही ‘रोडसाइड असिस्टन्स’चे पैसे भरलेले होते आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. त्यांचा नंबर आमच्या पॉलिसीच्या शेवटच्या पानावर होता. पॉलिसी नंबर, आरसीचा फोटो, गाडी उभी आहे ते लोकेशन आणि गाडी कुठे न्यायची तो पत्ता, एवढं तयार ठेवून फोन करावा. ‘गाडी घरासमोर आहे’ म्हटल्यावर त्यांनी मला दहा मिनिटं थांबवून ठेवलं. काही पॉलिसींत घरापासून ठरावीक अंतराच्या आतला बिघाड धरत नाहीत, आमच्या पॉलिसीत ती अट नव्हती. सव्वाबाराला नोंदणी झाली, गाडी उचलणारा ट्रक आला दोन वाजून पन्नास मिनिटांनी. त्याने गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढले, तुम्हीही काढून ठेवा. पोचल्यावर ओटीपी सांगायचा. पैसे काही लागले नाहीत. दोरीने टोचन करायचा सल्लाही मिळाला होता. पण इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात, आणि संध्याकाळची मिरज रोडची गर्दी मला माहीत आहे.

गाडी कुठे न्यायची ते आमच्या शाळेच्या शिपाईमामांनी सुचवलं. शंभर फुटी रोडवर एक मेस्त्री आहेत, डिझेलचंच काम करतात, स्कॅनर आहे त्यांच्याकडे. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, त्यांनीच नको म्हणून सांगितलं.

गुरुवारी, ९ तारखेला, मी आणि आप्पा सकाळी नऊला तिथे जाऊन बसलो. मेस्त्रींनी पान्याला हात लावण्याआधी मला प्रश्न विचारले. “पुरात हुती का गाडी? एकोणीसला, एकवीसला?” २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर सांगलीतल्या मेस्त्रींना हे विचारावंच लागतं, कारण वायरिंगच्या जोडांत शिरलेलं पाणी वर्षांनंतर गंजून तोंड वर काढतं. आमची नव्हती. “थंड असताना जास्त त्रास का गरम असताना?” मी तासगावच्या भाजीचं सांगितलं. त्यांनी मान हलवली. “फिल्टर मागे कधी बदलला हुता?” मी म्हटलं, परवा. “परवाचा न्हाई. त्याच्या आदी.” मला सांगता आलं नाही.

मग स्कॅनर लावला. ५०० रुपये. एक कोड निघाला, पी ००८७, म्हणजे रेलमधला दाब कमी. मेस्त्रींनी मला मोबाइलवर फोटो काढायला सांगितलं : “कोड पुसायच्या आदी फोटो घ्यायचा. पुसला की पुरावा गेला.” कोड आला म्हणजे निदान झालं, असं मला वाटलं होतं. त्यांनी समजावलं की कोड फक्त दुखणं सांगतो, कारण सांगत नाही. दाब कमी आहे. आता तो पंप तयारच करत नाही, का तयार झालेला कुठे गळतोय?

हे समजायला आमच्या गाडीतली ‘कॉमन रेल’ पद्धत म्हणजे काय ते थोडं सांगावं लागेल. टाकीतून फिल्टरमार्गे डिझेल हाय प्रेशर पंपाकडे येतं. पंप ते एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, दाबून भरतो. त्या एकाच रेलमधून चारही नोझलना, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेलची फवार सोडणाऱ्या इंजेक्टरना, डिझेल मिळतं. नोझल कधी आणि किती वेळ उघडायचा ते कंप्युटर विजेने ठरवतो. गाडीच्या टायरमधली हवा सव्वादोन बारच्या आसपास असते, आणि चालत्या इंजिनाच्या रेलमध्ये दाब हजार-दीड हजार बारच्या पुढे जातो. सेल्फ मारताना इतका नसतो, पण एका किमान आकड्याच्या वर तो गेल्याशिवाय कंप्युटर नोझल उघडतच नाही. गाडीगाडीप्रमाणे हा आकडा दीडशे ते अडीचशे बार. दाब तिथवर पोचला नाही, तर इंजिन कितीही फिरवा, आत डिझेलचा थेंब पडत नाही. आप्पांनी सोमवारी सायलेन्सरपाशी उभं राहून सांगितलेलं ‘धूर न्हाई’ ते हेच होतं.

मेस्त्रींनी स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि सेल्फ मारला. रेलचा दाब ७०. इंजिनाचा वेग दीडशेच्या आत. बॅटरी ९.४ व्होल्टपर्यंत खाली. मग त्यांनी आपली मोठी बॅटरी जोडली. वेग दोनशेच्या वर गेला, दाब १५०, १६०, पुन्हा १४०. आमच्या इंजिनाला दोनशेच्या आसपास हवा होता. मंगळवारचं कोडं तिथे सुटलं. त्या मुलाच्या दुसऱ्या बॅटरीने इंजिन जोरात फिरलं, पंपही जोरात फिरला, आणि गळती असूनही दाब कसाबसा उंबरठा ओलांडून गेला. श्रेय मिळालं फिल्टरला. आमची बॅटरी खरोखर कमजोर होतीच, तेव्हा तो मुलगा अगदीच चुकला होता असं मी म्हणणार नाही. पण मुख्य दुखणं बॅटरी नव्हतं आणि फिल्टरही नव्हतं.

आता गळती शोधायची. आधी टाकीकडची बाजू. फिल्टरनंतर पारदर्शक नळीचा तुकडा जोडून सेल्फ मारला. बुडबुडे असते तर कुठल्यातरी जोडातून हवा ओढली जातेय असं कळलं असतं. बुडबुडे नव्हते. टाकीतल्या पंपाचा दाब गेजवर बघितला, व्यवस्थित. डिझेलचा नमुना काचेच्या बाटलीत काढून खिडकीत ठेवला. पाणी असेल तर तळाशी बसतं. पाणी नव्हतं, पण तळाला बारीक काळसर गाळ मात्र दिसला. मेस्त्री काही बोलले नाहीत, फक्त बाटली मला दाखवली.

आप्पा हे सगळं फार लक्ष देऊन बघत होते. त्यांच्या ऑईल इंजिनाला स्क्रीन नव्हती. नोझलचा नट सैल करून हवा काढायची, हँडल सावकाश फिरवायचं आणि कान द्यायचा : नोझल ‘कर्र’ असं वाजलं, की फवार नीट पडतेय. त्यांनी मेस्त्रींना विचारलं, “नट ढिला करून बघायचा का?” मेस्त्री उठून उभे राहिले. “आप्पा, ह्या गाडीत ते करायचं न्हाई. ह्यातला दाब कातडीतून आत शिरतोय. बोट काढायची पाळी येती.” हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण जुनी जीप, ट्रॅक्टर किंवा ऑईल इंजिन हाताळलेल्या माणसाचा हात आपोआप त्या नटाकडे जातो. कॉमन रेलच्या गाडीत इंजिन फिरत असताना जाड स्टीलच्या नळ्यांना हात लावायचा नाही. बंद केल्यावरही दाब उतरायला काही मिनिटं द्यायची.

मग आली चार बाटल्यांची परीक्षा. प्रत्येक नोझलमधून वापरात न आलेलं थोडं डिझेल एका बारीक नळीने टाकीकडे परत जातं. त्या परतीच्या नळ्या काढून प्रत्येक नोझलला एकेक बाटली लावायची, मापाच्या खुणा असलेली, आणि सेल्फ मारायचा. नोझल चांगला असेल तर बाटलीत अगदी थोडं डिझेल येतं. मेस्त्रींनी दहा-दहा सेकंदांचे तीन सेल्फ मारले. पहिल्या बाटलीत ८ मिलिलिटर, दुसरीत ५, चौथीत ६. तिसरीत ६२.

वर्गात मुलांच्या वह्या तपासताना एखादं उत्तर इतकं स्पष्ट असतं की पेन आपोआप थांबतं, तसं झालं. तरी मेस्त्री तिथे थांबले नाहीत. “अजून एकदा खात्री करू.” त्यांनी तिसऱ्या नोझलकडे जाणारी नळी काढली आणि रेलचं ते तोंड एका डमी बोल्टने बंद केलं. सेल्फ. दाब चढत गेला, १८०, २४०, ३००, आणि इंजिन तीन सिलिंडरवर धडधडत चालू झालं! दहा सेकंदांत त्यांनी बंद केलं. आप्पांनी मेस्त्रींच्या पाठीवर हात ठेवला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गाडी दुरुस्त झाली नव्हती, पण आता तिला नेमकं काय झालंय ते माहीत होतं. पंप चांगला होता. ब्याण्णव हजारांतला मोठा भाग त्या एका आकड्याने वाचला. या सगळ्या तपासणीची मजुरी १,५०० रुपये. आठ दिवसांत मी दिलेल्या पैशांपैकी हे मला सगळ्यात सार्थकी लागलेले वाटतात.

पुढचा प्रश्न : एकच नोझल काढायचा की चारही? अकरा वर्षं आत बसलेले नोझल कार्बनने चिकटतात. चांगला नोझल काढताना मोडला तर नवा घ्यावा लागतो, आणि आमच्या गाडीचा नवा एक सतरा हजारांना सांगितला होता. आप्पा म्हणाले, जे दुखतंय तेवढंच काढ. मेस्त्री म्हणाले, आत्ता चारही बेंचवर बघितले तर पुढच्या वर्षी पुन्हा उघडायला नको, पण धोका आहे, निर्णय तुमचा. मी रात्रभर विचार केला, नवऱ्याशी बोलले आणि चारही काढायला सांगितले. शुक्रवारी दुसऱ्या नंबरचा नोझल निघता निघेना. मेस्त्रींनी गंज सुटायचं ऑईल सोडून दुपारपर्यंत ठेवलं, थोडं थोडं डाव्या-उजव्या बाजूला फिरवत सायंकाळी पाचला बाहेर काढला. ते चार तास माझे फार वाईट गेले.

शनिवारी, ११ तारखेला, चार नोझल घेऊन मी स्वतः कोल्हापूरला गेले. मेस्त्रींनी प्रत्येकावर मार्करने नंबर घातला होता, तोंडांना प्लॅस्टिकच्या टोप्या लावल्या होत्या. ज्या सिलिंडरचा नोझल त्याच सिलिंडरला परत जायला हवा, कारण प्रत्येक नोझलचा स्वतःचा एक कोड असतो आणि कंप्युटर त्या कोडवरून त्याला किती डिझेल द्यायचं ते जुळवून घेतो. बिस्किटांच्या डब्यात फडक्यात गुंडाळून डबा मांडीवर घेतला आणि एसटीत बसले. बायकांना निम्मं तिकीट असल्याने प्रवास स्वस्तात झाला. उद्यमनगरात टेस्ट बेंचवाल्याकडे अकराला पोचले, माझ्या पुढे दोन ट्रॅक्टरवाले आणि एक टेम्पोवाला. नंबर दीड वाजता लागला.

बेंचवर नोझल बसवून त्याला वेगवेगळ्या दाबांवर चालवतात आणि फवार किती पडते, परत किती जाते हे मोजून कागदावर छापून देतात. एकाला ३५० रुपये, चारांचे १,४००. दोन आणि चार नंबरचे पास. एक नंबरचा पास, पण मर्यादेच्या जवळ. तीन नंबरचा नापास. तिथल्या माणसाने तो उघडून मला सूक्ष्मदर्शकातून बघायला लावला. आत मोहरीच्या दाण्याएवढी एक गोळी एका खोलगट बैठकीवर बसते, तीच दाब अडवते. त्या बैठकीवर बारीक चर पडले होते, नदीकाठच्या मातीत पाण्याने पाडावेत तसे. “बारीक कचरा गेलाय,” तो म्हणाला, “एवढ्या दाबात धूळसुद्धा कानशीसारखी घासती.” मला खिडकीतली ती बाटली आठवली. घरी आल्यावर गाडीची फाइल काढली. डिझेल फिल्टरचं शेवटचं बिल ऑगस्ट २०२१ चं होतं. दरवर्षी मी ऑईल बदलत होते आणि बिलावर सही करत होते, फिल्टरची ओळ त्यात आहे का ते साडेतीन वर्षांत एकदाही वाचलं नव्हतं. किती किलोमीटरला बदलायचा ते गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं.

तीन नंबरचा व्हॉल्व्ह, म्हणजे ती गोळी आणि बैठक, बदलून नोझल पुन्हा बेंचवर पास झाला, ४,२०० रुपये. एक नंबरचंही करून घ्या, असं तो म्हणाला. मी नाही केलं. पास आहे तोवर राहू दे, असं ठरवलं आणि तो कागद फाइलीत लावला. हा निर्णय बरोबर की चूक ते वर्षभराने कळेल.

रविवारी गॅरेज बंद. सोमवारी, १३ तारखेला भोगी होती. शाळा सुटल्यावर एसटीने परस्पर शंभर फुटी रोडला गेले. आईने वॉकर धरून, ओट्याला टेकून स्वतः केलेली भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी आप्पांनी मेस्त्रींसाठी तिथे नेली होती. नवे तांब्याचे वॉशर घालून (चारांचे २४०, जुने पुन्हा वापरू देऊ नका, तिथून गॅस गळतो) नोझल बसले होते. नव्या व्हॉल्व्हनंतर बेंचवर मिळालेला तीन नंबरचा कोड स्कॅनरने कंप्युटरमध्ये भरला, त्याचे ५००. किल्ली चार वेळा ऑन-ऑफ. पहिल्या सेल्फला हवा निघाली, दुसऱ्याला इंजिन चालू झालं. स्क्रीनवर सेल्फच्या वेळचा दाब २९० दिसला. त्याचाही फोटो काढून ठेवला. पुढे कधी शंका आली तर तुलनेला आपला चांगल्या दिवसाचा आकडा हाताशी असावा, हे मेस्त्रींनीच सुचवलं. काढण्या-बसवण्याची मजुरी ३,२००.

एकूण हिशोब विचारणाऱ्यांसाठी : फिल्टर धरून १२,६९० रुपये. शिवाय पुढच्या शनिवारी जुनी देऊन नवी बॅटरी घेतली, ५,४००. रिक्षा आणि एसटीचा हिशोब ठेवला नाही.

२० तारखेला आईची पुढची तपासणी होती. पुन्हा सीट मागे, उशी, साडेसहाची थंडी. किल्ली फिरवली आणि मी मनात एक म्हणायच्या आत इंजिन चालू झालं. मिरजेला दहा मिनिटं आधी पोचलो. हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये मी उतरायला लागले तर मागून आप्पा म्हणाले, “थांब. बंद कर. आता गरम हाय, परत मार.” मी बंद केली, जरा थांबले, किल्ली फिरवली. लगेच चालू. आप्पा खिडकीतून मागे वाकून सायलेन्सरकडे बघत होते.

“चला,” ते म्हणाले, “आईला उतरव.”